पडणारा जावई

जावई पडला नाही.

भाऊने तिसरी पकड घातली होती. मनगट धरलं, कोपर वर नेलं, पाठ वळवली, सगळं आबांनी घालून दिलं होतं तसं. शेवटी "हेऽऽ" असा आवाजही काढला. एरवी या आवाजाबरोबर जावई हवेत जायचा, तिथे एक देखणं अर्धवर्तुळ काढायचा आणि गादीवर असा आपटायचा, की खाली दुकानात सुनेच्या हातातली कात्री क्षणभर थांबायची. आज तो भाऊच्या पाठीला टेकून उभा राहिला. बसची वाट पाहत असल्यासारखा.

"दाजी," भाऊ दबक्या आवाजात म्हणाला, "झालं माझं."

"बरं."

"मग पडा की."

"तू पाड की."

गादीच्या दुसऱ्या टोकाला ताई मुलींच्या तुकडीची रांग ठरवत होती. तिने मान वळवली. आपला नवरा आपल्या धाकट्या भावाच्या पाठीवर उभ्याने रेललेला पाहून तिला आधी वाटलं, त्याला चक्कर आली.

"अहो, बरं नाही का तुम्हाला? पाय घसरलाय का?"

"घसरला असता तर पडलो असतो," जावई म्हणाला आणि शर्ट नीट करत गादीवरून उतरला.

रविवार होता. संध्याकाळी वर्गाचं वार्षिक प्रात्यक्षिक, पालक येणार, आणि शेवटी आई दिवंगत आबांची, आपल्या नवऱ्याची, पितळी शिट्टी गळ्यातून काढून भाऊ किंवा ताई यांच्यापैकी एकाच्या गळ्यात घालणार. कुणाच्या, हे तिने सांगितलं नव्हतं. "प्रात्यक्षिक बघून ठरवीन," एवढंच म्हणाली होती. ज्याच्या गळ्यात शिट्टी, त्याचा वर्ग. खाली गाद्यांचं दुकान, वर वर्ग, अशी आबांनी केलेली सोय होती. तरुणपणी बंदरावर एका खलाशाकडून ते सहा पकडी शिकून आले, आणि गाद्या घरच्याच असल्यामुळे कुणाला तरी आपटून बघायला हरकत नव्हती. पुढे त्याचा वर्ग झाला. परिसरातल्या पोरापोरींच्या दोन पिढ्या इथे स्वतःचं रक्षण करायला शिकल्या.

जावई त्यांच्यात शिकायला कधी आलाच नव्हता. चष्म्याच्या दुकानात तो लोकांची नजर तपासायचा. लग्नानंतरच्या पहिल्या प्रात्यक्षिकात ऐनवेळी माणूस कमी पडला म्हणून आईने त्याला उभं केलं, आणि त्याला स्वतःची हुशारी कळली. त्याला पडता येत होतं. साधं नाही, अप्रतिम. इतर घरांत जावयाला डोक्यावर घेतात. या घरात त्याला वीसेक वर्षं डोक्यावरून टाकत आले, आणि त्याचा त्याला अभिमान होता. भाऊसाठी तो उंच पडायचा, कारण भाऊ ठेंगणा होता आणि उंचीची हौस त्याला होती. ताईसाठी मोठ्या आवाजाने पडायचा. आईसाठी संथ, घरंदाज पडायचा. प्रत्येक वेळी आधी चष्मा काढून जवळच्या कुणाच्या तरी हातात देई. इतक्या वर्षांत एकही काच फुटली नव्हती. मुलं त्याला धप्पकाका म्हणत.

आणि आता धप्पकाका जिना उतरून जेवायला निघून गेला होता.

*

दुकानाच्या मागच्या खोलीत कापड कापायचं लांब टेबल होतं. सुट्टीच्या दिवशी सगळे त्यावरच जेवत. टेबलाच्या कडेला इंचांच्या खुणा होत्या आणि प्रत्येकाची जागा वर्षानुवर्षं त्या खुणांनी ठरलेली होती.

"काय झालं ते सांगा," आई म्हणाली. "सुरुवातीपासून. आणि भात घेऊन सांगा, गार होतोय."

जावयाने भात घेतला. "बटणचं झालं."

बटण म्हणजे वर्गातली सगळ्यात लहान चणीची मुलगी. वय तेरा, पण दिसायची नऊची. तिला हे नाव भाऊने दिलं होतं आणि तिच्या शाळेतही तेच चालू झालं होतं.

"बुधवारी ती बसथांब्यावर उभी होती. एकटी. एका मोठ्या पोराने मागून तिच्या दप्तराचा पट्टा धरला. फोन मागत होता. तिने चौथी पकड घातली."

"शाब्बास!" भाऊ म्हणाला.

"तो पडला नाही."

सुनेने पाण्याचा जग उगीचच सरळ केला.

"अंगठा बाहेर ठेवला असणार," ताई म्हणाली. "कितीदा सांगितलंय तिला."

"अंगठा आत होता. मी तिच्याकडून पुन्हा घालून घेतली. बिनचूक आहे. त्या पोराने फक्त विचारलं, काय करतेयस?"

सून फस्सकन हसली आणि ते लपवायला घाईने पाणी प्यायली. मग तिला ठसका लागला.

"पुढे?" आईने विचारलं.

"पुढे पट्टा तुटला. ती पळत बसमध्ये चढली, दप्तर घेऊन. पट्टा त्याच्या हातात राहिला."

"म्हणजे सुटली ना शेवटी," भाऊ म्हणाला.

"पट्ट्याने सोडवली. आपण नाही." जावयाने चमचा खाली ठेवला. "शुक्रवारी वर्गात मला विचारते, काका, तो पडला का नाही? मी म्हणालो, त्याला पडायला येत नसेल."

"बरोबर आहे की मग!"

"तर ती म्हणाली, मग आधी त्याला शिकवायला हवं होतं का? थट्टा नव्हती करत. खरंच विचारत होती."

अडचणीचं काही निघालं की भाऊ वाढून घ्यायचा. त्याने वाढून घेतलं.

"म्हणून ठरवलंय," जावई म्हणाला. "मी आपणहून पडणार नाही. पाडलंत तर पडेन."

"आजच ठरवायचं होतं?" ताईचा आवाज चढला. "उद्या ठरवलं असतं तर चाललं नसतं? हे तुम्हाला भाऊने सुचवलंय."

"मी?" भाऊचा घास हातातच राहिला. "ताई, माझ्याच पकडीला उभे राहिले ते! मी तोंडावर आपटलो!"

"तेच तर. आधी तुझ्यावर करून दाखवलं, म्हणजे नंतर माझ्यावर केलं तरी कुणाला संशय नको."

"इतकं डोकं असतं माझ्याकडे तर मी गाद्या विकत बसलो असतो का?"

"दोघांनीही त्यांना गाठलं होतं," सून शांतपणे म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "जिना माझ्या मशीनच्या मागेच आहे. परवा हे म्हणत होते, दाजी, पाचव्या पकडीला जरा हवेत जास्त राहा. काल ताई म्हणत होत्या, माझ्या वेळी आवाज रस्त्यापर्यंत गेला पाहिजे, नाहीतर घरी याच."

आईने एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. दोघंही ताटात पाहत होती.

शिट्टीची गोष्ट निघाल्यापासून ही भावंडं एकमेकांशी 'मीठ दे' याखेरीज बोलली नव्हती. पण कान पिळायला आईचे हात मोकळे दिसले की लहानपणीही ती अशीच एक व्हायची. भाऊने ताईकडे पाहिलं, ताईने भाऊकडे, आणि मिनिटाच्या आत तह झाला.

"पाडायचंच ना?" ताई उठली. "पाडू. त्यात काय एवढं! टेबल सरकव रे."

*

नमुन्याची सगळ्यात जाड गादी खोलीच्या मध्ये टाकली. जावयाने चष्मा डोळ्यांवरच ठेवला आणि हात मोकळे सोडून उभा राहिला.

पहिल्यांदा भाऊ गेला. पहिल्या पकडीला जावई हलला नाही, दुसरीला थोडा वाकला, तिसरीला भाऊचाच पाय गादीच्या कडेत अडकला. चौथी घालून तो बराच वेळ तसाच राहिला. लांबून कुणी पाहिलं असतं तर दोघं गळाभेट घेतायत असं वाटलं असतं.

"श्वास घे रे," जावई काळजीने म्हणाला.

"बोलू नका दाजी. लक्ष विचलित होतं."

"तो पोरगाही बोलला होता."

मग ताई आली. ती भाऊपेक्षा चांगली होती, हे भाऊही मनात मानायचा. तिने नवऱ्याची कॉलर धरली, कंबर घातली, आणि जावयाचा एक पाय खरोखर जमिनीवरून सुटला. भाऊने नकळत टाळी वाजवली आणि मग आपली शिट्टी आठवून थांबवली. पाय हवेत थोडा थरथरला आणि खाली आला. शर्टाचं वरचं बटण मात्र उडून कपाटाखाली गेलं.

"तू मुद्दाम करतोयस!" ताई ओरडली. एवढ्या वर्षांचं 'अहो' एका झटक्यात गेलं.

"इतकी वर्षं मुद्दाम करत होतो. आज काहीच करत नाहीये."

"मला सांगायचंस तरी! घरी, आपल्या आपण!"

"घरी तू म्हणालीस, आवाज रस्त्यापर्यंत गेला पाहिजे."

ताई गादीच्या कडेवर बसली. तिला राग नवऱ्याचा येत होता, पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं आणि ते तिला आवडत नव्हतं. तिच्या मुलींच्या तुकडीत चाळीसेक मुली होत्या. त्या सगळ्या शाळेतून घरी चालत जात.

"सरका," आई म्हणाली.

तिने हात धुतले, पुसले, आणि बाह्या वर दुमडत गादीकडे निघाली. अजून ती गादीवर चढलीही नव्हती, तेवढ्यात जावयाचा हात चष्म्याकडे गेला. चष्मा सुनेच्या हातात आला आणि जावई पडला. संथ, घरंदाज. धप्प.

आईने दुमडलेल्या बाह्यांकडे पाहिलं.

"मी हात लावला नव्हता," आई म्हणाली.

"माहीत आहे," जावई खालून म्हणाला. "आई, मी नाही केलं. पायांनी केलं. तुम्ही बाह्या वर केल्यात की हे ऐकतच नाहीत."

"उठा. पुन्हा."

पुन्हा तेच झालं. या वेळी तर आई खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. तिसऱ्या वेळी भाऊने सुचवलं की दाजींना दाराच्या चौकटीला टेकून उभं करू. जावई चौकट धरून उभा राहिला, आईने एक पाऊल टाकलं, आणि तो चौकटीवरून हळूहळू घसरत खाली बसला.

भाऊ हसून हसून टेबलावर आडवा झाला. "बघा! आईला येतं! आईला नुसत्या नजरेने येतं!"

आई हसत नव्हती. तिने बाह्या खाली घेतल्या, बटणं लावली आणि जिना चढून वर गेली.

*

सून सुई-दोरा घेऊन वर आली तेव्हा आई खिडकीजवळच्या गादीवर बसली होती. तिच्या मांडीजवळ गादीची शिवण उसवली होती आणि बोटाने ती आणखी उसवत होती.

"तिथून हात काढा," सून म्हणाली आणि शिवायला बसली. लग्न होऊन ती या घरात आली त्याला बराच काळ झाला होता, पण ती एकदाही शिकायला गादीवर चढली नव्हती. गाद्या शिवायला मात्र रोज चढायची.

"तू शिकली नाहीस ते बरं केलंस," आई म्हणाली.

"मला पडायला आवडत नाही."

"तुला एक विचारते. आबा पडायचे, जावई यायच्या आधी. माझ्याकडून. ते खरं पडायचे का गं?"

सुनेने टाके घालणं थांबवलं नाही. "मी आले तेव्हा त्यांचे गुडघे गेले होते. फार नाही पाहिलं मी."

"पाहिलं तेवढं सांग."

"पेन काढून ठेवायचे," सून म्हणाली. "खिशातलं. गादीवर जायच्या आधी, न विसरता."

आईला ते पेन आठवलं. निळं, सोनेरी टोपणाचं, तिनेच दिलेलं. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात, याच खोलीत, आबांनी तिला पहिली पकड शिकवली होती. तेव्हा ती काडीसारखी होती आणि आबा नव्वद किलोंचे. तिने त्यांना खेचलं आणि ते कोसळले. खालून त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "कमाल आहे!" त्या दोन शब्दांवर तिने पुढचं आयुष्य उभं केलं होतं. वर्ग घेतला, पोरं शिकवली, रात्री उशिरा घरी येताना कधी मागे वळून पाहिलं नाही. आणि पेन त्या दिवशीही खिडकीत ठेवलेलं होतं. ते तिला आता स्पष्ट दिसत होतं.

"म्हणजे मला येतं की नाही, हे मला कधीच कळणार नाही," ती म्हणाली. "आधी ते पडले, मग हे पडले. सगळेच माझा मान ठेवतात."

"त्यात वाईट काय आहे? लोकांचे नवरे फुलं आणतात. तुमचे पडायचे."

"फुलांनी बटणचं दप्तर वाचत नाही."

सुनेने दोरा दाताने तोडला. "मग तिला फुलं देऊ नका."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग जिन्याशी जाऊन तिने हाक मारली. "जावईबापू! वर या. आज तुम्ही पडायचं नाही. कुणासाठीही नाही. आणि मी तुमच्या जवळ येणार नाही, काळजी करू नका."

*

पालक गुंडाळलेल्या गाद्यांवर दाटीवाटीने बसले होते. भाऊने इस्त्रीचा पांढरा पोशाख घातला होता. ताईशी त्याचा तह टिकून होता, पण दोघांकडे करून दाखवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

आईने शिट्टी वाजवली. गलका थांबला.

"दर वर्षी तुम्ही या माणसाला पडताना पाहता," तिने जावयाकडे बोट दाखवलं. "ते फार छान पडतात. त्यामुळे आम्हाला वाटत होतं, आम्ही छान पाडतो."

लोक हसले. भाऊने डोळे मिटले. गेली, तो मनात म्हणाला, चाळीस वर्षांची अब्रू एका वाक्यात गेली.

"आज ते पडणार नाहीत. बटण, ये."

बटण आली. जावयाने मागून तिच्या दप्तराचा पट्टा धरला. दप्तर तेच होतं, पट्टा सुनेने दुपारी नवा शिवून दिलेला, गादीच्या जाड दोऱ्याने. हा तुटणार नव्हता.

बटणने चौथी पकड घातली. बिनचूक होती, अंगठा आत. जावई उभा राहिला.

"काय करतेयस?" त्याने विचारलं.

तिचा चेहरा उतरला. तिने आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" आई म्हणाली. "मी थांब्यावर नव्हते."

बटणने विचार केला. तो सगळ्यांना दिसला, कारण विचार करताना ती जीभ दातांत धरायची. मग तिने पकड सोडली, तोंड वर करून थेट जावयाच्या कानात अशी किंचाळली, की पहिल्या रांगेतलं एक बाळ रडायला लागलं. जावई दचकला. तिने टाच त्याच्या पायाच्या अंगठ्यावर मारली, दोन्ही हात वर करून दप्तरातून खाली निसटली, आणि पळाली. गादीवरून, पालकांच्या मधून, जिन्याने, दुकानातून, बाहेर.

जावई एका पायावर उड्या मारत होता. हातात दप्तर होतं.

टाळ्या पडल्या. खूप वेळ पडल्या, मग थोड्या कमी झाल्या, मग थांबल्या. बटण परत आली नव्हती.

भाऊ खिडकीशी गेला. "सिग्नलपाशी पोचली," त्याने सांगितलं. मग, "सिग्नलही ओलांडला." मग, "अजून पळतेय."

"अहो, ती थांबत का नाही?" बटणची आई चपला शोधत म्हणाली.

"थांबायचं कुठे, ते आम्ही कधी शिकवलंच नाही," आई म्हणाली. तिच्या आवाजात काळजी नव्हती. असलंच तर कौतुक होतं.

बटणचे आईवडील जिना उतरून धावले. आणि मग ठरवलेला कार्यक्रम कुणाच्याच हातात राहिला नाही. प्रत्येक पोराला न पडणारा धप्पकाका हवा होता. एकाने त्याच्या मनगटाला चावा घेतला. एक मुलगी धरल्याबरोबर गादीवर आडवी झाली आणि इतकी जड झाली, की त्यालाच तिला सोडून द्यावं लागलं. एका लाजऱ्या मुलाने नुसतं पालकांकडे बोट दाखवून मोठ्याने सांगितलं, "मी यांना ओळखत नाही," आणि तीन बाप एकदम उठून उभे राहिले. ताई मध्ये उभी राहून ओरडत होती, "आवाज! आवाज कुठंय तुझा? रस्त्यापर्यंत गेला पाहिजे!" ती हे आपल्याच नवऱ्याविरुद्ध ओरडतेय, हे तिच्या उशिरा लक्षात आलं, आणि तरी ती थांबली नाही. भाऊ प्रत्येक पोराला पळायला दार उघडून धरत होता. दार उघडून धरण्यात आपण किती चांगले आहोत, असा एक सुखद विचार त्याच्या मनात येऊन गेला.

*

लोक गेले. गाद्या भिंतीशी लावायच्या होत्या. जावई लंगडत एकेक उचलत होता, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"पोचली?" तो म्हणाला. "कुठे? घरी! बरी आहे ना? बरं. बरं... काय? आतून कडी लावलीय? तुम्हालाही उघडत नाही? शाब्बास! नाही, नाही, तुम्हाला नाही म्हणालो, तिला म्हणालो. तिला सांगा, काका म्हणाले—"

काका काय म्हणाले, ते राहिलं.

आई त्याच्या मागून आली होती. बाह्या तिने वर केल्या नव्हत्या. तिने त्याचा दंड धरला, कंबर घातली आणि वळली, पहिली पकड, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातली. जावई गेला. अर्धवर्तुळ नव्हतं, देखणेपण नव्हतं. बाजारातून आणलेलं पोतं ओट्यावर टाकावं तसा तो गेला, आणि जो आवाज झाला तो या घराने कधी ऐकला नव्हता. फोन एकीकडे उडाला. चष्मा दुसरीकडे उडाला, गादीवरून फरशीवर गेला आणि भिंतीला लागून थांबला.

ताई, भाऊ आणि सून आपापल्या जागी थिजली.

आधी सून हलली. तिने चष्मा उचलला आणि उजेडात धरला. डाव्या काचेला या कडेपासून त्या कडेपर्यंत तडा गेला होता. तिने तो आईपुढे धरला.

"डोळ्यांवर होता?" आईने विचारलं.

"डोळ्यांवर होता."

आईने चष्मा हातात घेतला. तड्यावरून अंगठा फिरवला, अलीकडून पलीकडे, पुन्हा अलीकडे.

"लागलं का हो?" तिने खाली पाहून विचारलं.

"लागलं," जावई म्हणाला. त्याला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, नुसता एक उजळ गोल दिसत होता. "फार लागलं. आई, असं मला कधीच जमलं नसतं. कमाल आहे."

आई खाली बसली. ती हसतेय की काय करतेय, हे पाठीवरून कळत नव्हतं, आणि कुणी पुढे जाऊन पाहिलं नाही.

शेवटी भाऊने विषय काढला. "आई, ती शिट्टी तेवढी..."

"हो," ताई म्हणाली. "म्हणजे, माझं काही म्हणणं नाही, त्यालाच दे हवं तर. पण आज द्यायची ठरली होती."

"शिट्टी?" आईने गळ्यातल्या शिट्टीवर हात ठेवला. "अरे, मला आत्ता कुठे जमायला लागलंय."

गादीच्या कोपऱ्यातून फोन बारीक आवाजात बोलत होता. "हॅलो? हॅलो? अहो, काय पडलं एवढं मोठ्याने?"

आईने वाकून फोन उचलला.

"काही नाही," ती म्हणाली. "जावई पडला."